४के टीव्ही की मोठा टीव्ही? शेवटच्या रांगेतल्या मुलाकडून विचार करूया



शाळेसाठी टीव्ही घ्यायचा ठरला की शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत दोन प्रश्न हमखास येतात. "किती इंची?" आणि "४के आहे का?" वर्गणी गावाने दिलेली असते, पैसा मोजका असतो, त्यामुळे प्रत्येकाला वाटतं की घ्यायचं तर चांगलंच घ्यावं. दुकानदारही ४के टीव्हीवर फुलपाखरू नाहीतर मोराचं पीस लावून दाखवतो. जवळून पाहिलं की एकेक रेघ स्पष्ट दिसते आणि आपण लगेच हो म्हणून टाकतो.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. दुकानात आपण टीव्हीपासून दोन-तीन फुटांवर उभे असतो. वर्गात शेवटच्या रांगेतलं मूल पंधरा-सोळा फुटांवर बसतं. दुकानात आपल्याला दिसलेली ती रेघ त्या मुलाला दिसणार आहे का? बहुतेक वेळा नाही. रिझोल्यूशनचा फायदा पडद्यावर जितका अवलंबून आहे, तितकाच तो पाहणारा किती लांब आहे यावरही आहे. हा हिशोब अगदी सोपा आहे. पाचवीच्या मुलालाही जमेल असा. म्हणून आज तोच समजून घेऊ.

रिझोल्यूशन म्हणजे काय?

रांगोळी काढताना आपण आधी ठिपके देतो. टीव्हीचं चित्रही असंच बारीक बारीक ठिपक्यांचं असतं. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. पडद्यावर आडवे किती आणि उभे किती ठिपके आहेत, ते म्हणजे रिझोल्यूशन.

- एचडी रेडी : १३६६ × ७६८, म्हणजे सुमारे साडेदहा लाख ठिपके
- फुल एचडी : १९२० × १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७३ हजार
- ४के : ३८४० × २१६०, म्हणजे सुमारे ८२ लाख ९४ हजार
- ८के : ७६८० × ४३२०, म्हणजे सुमारे ३ कोटी ३२ लाख

जाहिरातीत सांगतात, ‘फुल एचडीच्या चौपट!’ हे खोटं नाही. पण चौकोनाची बाजू दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं, हे आपण वर्गात शिकवतोच. इथेही तसंच आहे. आडवे ठिपके दुप्पट, उभे ठिपके दुप्पट, म्हणून एकूण चौपट. प्रत्येक ठिपक्याची रुंदी मात्र फक्त निम्मी होते. म्हणजे बारकावा दुप्पट वाढतो. ‘चौपट स्पष्ट’ असं काही नसतं.

डोळ्यालाही मर्यादा असते

रस्त्यावरून ज्वारीचं शेत पाहिलं तर बांधाजवळची ताटं सुटी सुटी दिसतात. लांबची ताटं मिसळून हिरवा पट्टा होतो. ताटं तिथे आहेतच, पण आपला डोळा ती वेगळी करू शकत नाही.

ही मर्यादा कोनात मोजतात. एका अंशाचे ६० भाग केले की एक भाग म्हणजे एक कला. पंचांगात अंश-कला-विकला असतात, त्यातलीच ही कला. निरोगी नजरेचा माणूस साधारण एका कलेएवढा बारकावा वेगळा ओळखू शकतो. डोळ्यांच्या दवाखान्यातला अक्षरांचा तक्ता याच मापावर बेतलेला आहे. हर्मान स्नेलेन या डच डॉक्टरांनी तो १८६२ मध्ये तयार केला. आपल्याकडे ज्याला ‘६/६ नजर’ म्हणतात, त्या ओळीतलं अक्षर ६ मीटरवरून पाहिल्यावर पाच कला उंच दिसतं आणि त्यातली प्रत्येक रेघ एक कला जाड दिसते. मिलिमीटरमध्ये सांगायचं तर ते अक्षर पावणेनऊ मिमी उंच भरतं.

आता कला वगैरे विसरलात तरी चालेल. एवढंच लक्षात ठेवा :

१ मिमीचा बारकावा साधारण ३.४ मीटरपर्यंत वेगळा दिसतो.

त्यावरून नियम असा. ठिपक्याची रुंदी मिमीमध्ये घ्या आणि तिला ३.४ ने गुणा. जे उत्तर येईल तितक्या मीटरपलीकडे ठिपके वेगळे दिसत नाहीत. अर्ध्या मिमीचा ठिपका असेल तर १.७ मीटर. त्याच्या पलीकडे बसलेल्या माणसासाठी ठिपके आणखी बारीक केले तरी विशेष फरक पडत नाही.

आपल्या वर्गाचा हिशोब

शाळांमधून सर्रास दिसतो तो ४३ इंची टीव्ही घेऊ. ४३ इंच हा पडद्याचा कर्ण असतो. रुंदी भरते सुमारे ९५ सेंमी आणि उंची सुमारे ५३ सेंमी.

फुल एचडी असेल तर ९५ सेंमीत १९२० ठिपके, म्हणजे एक ठिपका साधारण ०.५ मिमी. ३.४ ने गुणलं की १.७ मीटर. ४के असेल तर ठिपका ०.२५ मिमी आणि अंतर ०.८५ मीटर.

याचा अर्थ असा :

- टीव्हीपासून १.७ मीटरच्या, म्हणजे साधारण साडेपाच फुटांच्या आत असलेल्यालाच ४केचा फायदा दिसतो.
- तो फायदा पूर्ण घ्यायचा तर पावणेतीन फुटांवर बसावं लागेल.
- साडेपाच फुटांच्या पलीकडच्या मुलांना फुल एचडी आणि ४के जवळपास सारखेच दिसतील.

वर्गात साडेपाच फुटांच्या आत कोण असतं? टीव्हीशेजारी उभे असलेले गुरुजी किंवा बाई आणि फार तर पहिल्या रांगेतली चार-पाच मुलं. शेवटची रांग ५ मीटरवर असेल तर तिथून दीड मिमीपेक्षा लहान बारकावा दिसतच नाही. फुल एचडीचा ठिपका त्याच्या एक तृतीयांश आहे. म्हणजे साधा फुल एचडी टीव्हीसुद्धा शेवटच्या रांगेतल्या डोळ्याच्या गरजेपेक्षा तिप्पट बारीक आहे!

मोठ्या टीव्हीची अंतरंही याच नियमाने काढता येतात. ५५ इंची फुल एचडीसाठी सुमारे २.२ मीटर आणि ६५ इंचीसाठी सुमारे २.६ मीटर. पडदा मोठा झाला की ठिपकेही मोठे होतात, म्हणून अंतर वाढतं. तरी ५ मीटरवरच्या मुलाला त्याचं काही नाही.

मग मागच्या मुलांना वाचता का येत नाही?

हा खरा प्रश्न आहे. टीव्हीचं चित्र इतकं बारीक असूनही मागची मुलं "सर, दिसत नाही" म्हणतात. कारण ठिपके पुरेसे बारीक असतात, पण अक्षर पुरेसं मोठं नसतं. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि खरेदीच्या वेळी त्यांची गल्लत होते.

पाठ्यपुस्तकाची पीडीएफ टीव्हीवर लावली असं समजा. पान २६ सेंमी उंच, त्यातलं अक्षर पट्टीने मोजलं तर सुमारे ३ मिमी. अख्खं पान ५३ सेंमीच्या पडद्यावर बसवलं की सगळं दुप्पट होतं. अक्षर झालं ६ मिमी. आता ५ मीटरवरून ६/६ नजरेलाही अक्षर जेमतेम ओळखायला सव्वासात मिमी उंची लागते. म्हणजे चांगल्या नजरेच्या मुलालाही शेवटच्या रांगेतून ते पान वाचता येणार नाही. टीव्ही ४के घ्या नाहीतर ८के घ्या, अक्षर ६ मिमीच राहणार.

आणि ‘जेमतेम ओळखणं’ म्हणजे वाचणं नव्हे. न अडखळता वाचायचं तर अक्षर त्या मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट मोठं हवं. आपल्या लिपीत तर अनुस्वार, रफार, उकार, जोडाक्षरं असा सगळा बारीक कारभार असतो. ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांतला फरक एका लहानशा गाठीचा किंवा उघड्या-मिटलेल्या रेघेचा. तेव्हा तिप्पट धरणंच बरं. त्यावरून वर्गासाठी दुसरा नियम मिळतो :

दर १ मीटर अंतरामागे अक्षराची उंची साधारण साडेचार मिमी हवी.

३ मीटरवर १३-१४ मिमी, ५ मीटरवर २२-२३ मिमी, म्हणजे जवळजवळ एक इंच. ४३ इंची पडद्यावर एवढ्या मोठ्या अक्षरांच्या, वर-खाली मात्रा-उकारांना जागा ठेवून, आठ-नऊ ओळीच बसतात. पहिली-दुसरीसाठी चार-पाच ओळी पुरेत.

डी.एड.ला फलकलेखनाच्या तासाला हेच तर शिकवलं होतं. मागच्या मुलाला दिसेल असं ठसठशीत अक्षर काढा. फळ्यावर दीड-दोन इंची अक्षर आपला हात आपोआप काढतो. टीव्ही हासुद्धा एक फळाच आहे, त्यालाही तोच नियम.

यात मुलाचं मोठं नुकसान होऊ शकतं, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. टीव्हीवरचा उतारा वाचताना मागचं मूल अडखळतं, ‘धर’ला ‘घर’ म्हणतं, अंदाजाने शब्द जोडतं. आपण त्याच्या नावापुढे ‘वाचनात कच्चा’ अशी नोंद करतो. त्याला वाचता येत नाही की त्याला दिसतच नाही, हे तपासल्याशिवाय ती नोंद करणं बरोबर होणार नाही. तेच वाक्य त्याच्या हातात पुस्तकातून द्या. घडाघडा वाचलं तर अडचण अंतराची आहे.

फुकटातला मोठा टीव्ही

अंतर कमी केलं की चित्र मोठं दिसतं. ५ मीटरवरची मुलं ३ मीटरवर आणली तर ४३ इंची टीव्ही त्यांना ७२ इंची टीव्हीएवढा दिसतो. कसा? ४३ ला ५ ने गुणा, ३ ने भागा. एक रुपया खर्च न करता!

लहान वर्गांत मुलं बसकरांवर बसतात, तिथे टीव्हीचा तास असेल तेव्हा अर्धवर्तुळात पुढे घ्यायला दोन मिनिटं लागतात. फार कडेला कोणी बसू नये, कारण कडेने पाहिल्यावर अक्षरं चेपल्यासारखी दिसतात आणि काही टीव्हींचे रंगही फिके पडतात. बाकं असतील तर निदान बसण्याच्या जागा दर आठवड्याला फिरवत राहा.

पटसंख्या जास्त, पुढे घ्यायला जागा नाही, अशा वर्गासाठी पैसा पडद्याच्या आकारावर घाला. ४३ऐवजी ५५ इंची घेतला तर प्रत्येक अक्षर सुमारे २८ टक्के मोठं होतं आणि तो फायदा पहिल्यापासून शेवटच्या मुलापर्यंत सर्वांना मिळतो. ४केचा फायदा मात्र पहिल्या रांगेतच थांबतो. एक गोष्ट सांगायला हवी. ५५ इंचांत आता बहुतेक टीव्ही ४केच मिळतात, तेव्हा तो आपसूक येईल. आला तर काही बिघडत नाही. फक्त ‘लहान पण ४के’ आणि ‘मोठा पण फुल एचडी’ असे दोन एकाच किमतीला समोर असतील, तर वर्गासाठी मोठा घ्यावा.

प्रोजेक्टरचं उदाहरण गमतीचं आहे. काही शाळांत १०२४ × ७६८ ठिपक्यांचा जुना प्रोजेक्टर आहे. ८० इंची चित्र पाडलं तर त्याचा एक ठिपका १.६ मिमीचा होतो. नियमाने गुणा, साडेपाच मीटर येतात. म्हणजे वर्गातल्या जवळजवळ सगळ्यांनाच त्याचे ठिपके दिसू शकतात, चित्र थोडं खरखरीत वाटतं. तरीही शेवटच्या मुलाला वाचायला ४३ इंची ४के टीव्हीपेक्षा हा प्रोजेक्टर बरा, कारण अक्षर दुपटीहून मोठं पडतं. खोलीत अंधार करता आला पाहिजे, एवढी अट. प्रोजेक्टर नवा घ्यायचा असेल तर मात्र जास्त रिझोल्यूशन नक्की पाहा. चित्र मोठं आणि पाहणारा तुलनेने जवळ, अशा ठिकाणी ते खरोखर कामाला येतं.

पालकांसाठी : मोबाइल आणि लॅपटॉप

मोबाइल आपण एक फुटावर धरतो. ३० सेंमीवरून डोळ्याला ०.०९ मिमीपर्यंतचा बारकावा दिसतो, म्हणून मोबाइलचे ठिपके टीव्हीपेक्षा कितीतरी बारीक असावे लागतात. २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी आयफोन ४ दाखवताना हाच मुद्दा मांडला होता. एका इंचात ३२६ ठिपके असले की नेहमीच्या अंतरावरून ते वेगळे दिसत नाहीत. हिशोब करा. ठिपका ०.०७८ मिमी, अंतर येतं सुमारे २७ सेंमी. बरोबर जुळतं.

म्हणून दीक्षावरचे किंवा यूट्यूबवरचे पाठ मूल मोबाइलवर पाहत असेल, तर ७२०पी पुरेसं आहे. साडेसहा इंची मोबाइलवर व्हिडिओची रुंदी सुमारे १२ सेंमी भरते. त्यात १२८० ठिपके म्हणजे एक ठिपका ०.०९ मिमीच्या आसपास, डोळ्याच्या मर्यादेजवळच. १०८०पी लावून डेटा जास्त जाईल, दिसण्यात फरक जवळजवळ पडणार नाही. पण बारीक दिसावं म्हणून मोबाइल डोळ्याजवळ नेऊ देऊ नका. व्हिडिओतली अक्षरं लहान असतील तर चित्र दोन बोटांनी मोठं करायला शिकवा.

लॅपटॉप घेताना मात्र रिझोल्यूशनवर थोडे पैसे जास्त गेले तरी चालेल. साडेपंधरा इंची लॅपटॉप १३६६ × ७६८चा असेल तर ठिपका ०.२५ मिमी, म्हणजे अंतर ८५ सेंमी. आपण बसतो ५०-६० सेंमीवर, त्यामुळे अक्षरांच्या कडा खरखरीत दिसतात. फुल एचडीत हेच अंतर सुमारे ६० सेंमी येतं, अगदी बेताचं. वाचन-लेखनासाठी तो घ्यावा.

घरच्या टीव्हीचंही तसंच. सोफा किंवा पलंग टीव्हीपासून किती लांब आहे ते आधी टेपने मोजा, मग दुकानात जा. दहा फुटांवरून ४३ इंची पाहणाऱ्या घराला ४केचा बारकावा दिसणार नाही.

हा नियम किती पक्का?

हा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नाही. काही जणांची, विशेषतः मुलांची नजर ६/६ पेक्षाही तीक्ष्ण असते. त्यांना थोडं जास्त लांबूनही फरक कळतो. एकमेकांपासून किंचित सरकलेल्या दोन रेघा डोळा एका कलेपेक्षाही बारीक ओळखतो, त्यामुळे तिरप्या रेघेवरच्या पायऱ्या कधीकधी लांबूनही जाणवतात. शिवाय ४के टीव्हीत रंग आणि उजेडही चांगले असू शकतात आणि तो फरक लांबूनही दिसतो. पण तो रंगाचा फरक आहे, ठिपक्यांचा नाही. उलट खिडकीचा उजेड पडद्यावर पडत असेल, तर कितीही ठिपके असले तरी फिकटच दिसणार. टीव्ही बसवण्याआधी दुपारी भिंतीवर ऊन कुठे येतं ते पाहून घ्या.

वर्गात करायची कृती

साहित्य : आलेख कागद, काळा स्केचपेन, मोजपट्टी, टेप.

१. आलेख कागदावर दोन मिमीचा उभा पट्टा काळा करा, पुढचे दोन मिमी कोरे सोडा. असे पाच-सहा पट्टे करा.
२. कागद व्हरांड्यात भिंतीवर चांगल्या उजेडात लावा.
३. मुलाला जवळ उभं करून हळूहळू मागे जायला सांगा. पट्टे मिसळून करडे दिसू लागले की थांबायचं.
४. अंतर टेपने मोजून वहीत लिहा.

नियमाप्रमाणे २ मिमीचे पट्टे सुमारे ७ मीटरवर मिसळायला हवेत. मुलांची उत्तरं वेगवेगळी येतील, ती मांडून सरासरीही काढता येईल. मापन, गुणाकार आणि विज्ञान एकाच तासात होतं.

एखादं मूल इतरांपेक्षा खूप आधी, समजा तीन-साडेतीन मीटरवरच थांबलं, तर त्याचं नाव वेगळं टिपून ठेवा. ही काही डोळ्यांची तपासणी नाही, पण इशारा नक्की आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येईल तेव्हा ते मूल आवर्जून दाखवा आणि तोपर्यंत पालकांशी बोला. टीव्हीच्या अगदी पुढ्यात जाऊन बसणारं, डोळे बारीक करून पाहणारं मूल घरी असेल तर पालकांनीही रागावण्याआधी डोळे तपासून घ्यावेत. त्या मुलाला गरज चष्म्याची असेल, तर ती कोणताही पडदा भागवू शकत नाही.

खरेदीला निघण्यापूर्वी

- शेवटच्या मुलापासून टीव्हीच्या जागेपर्यंतचं अंतर मोजा.
- मुलं पुढे घेता येतील का ते पाहा.
- उरलेल्या अंतराला साडेचारने गुणा, अक्षराची किमान उंची मिमीमध्ये मिळेल.
- दुकानात पाठाचं एक पान पेनड्राइव्हवर न्या, टीव्हीवर लावा आणि तेवढ्याच अंतरावर मागे जाऊन वाचून पाहा. दुकान लहान असेल तर दाराबाहेर उभे राहा!
- दाखवायचा मजकूर पानभर न ठेवता मोठ्या अक्षरात, थोड्या ओळींत तयार करा. निदान पान रुंदीला बसवून दाखवा. मग तेच ३ मिमीचं अक्षर ५ पट होऊन १५ मिमी होतं.

पुढच्या बैठकीत "४के आहे का?" असं कुणी विचारलं, तर त्यांना वर्गात न्या आणि शेवटच्या रांगेत बसवा. तिथून जे वाचता येईल, तेवढंच त्या मुलाच्या वाट्याला येणार आहे.